आत्या आम्हाला न्यायला आली तेव्हा

माझी आत्या अठराव्या वर्षी लग्न करून इस्राएलला गेली आणि तेव्हापासून आम्हाला तिकडे बोलावत होती. आधी पत्रांतून, मग कधीमधी लागणाऱ्या ट्रंककॉलवरून, आणि मोबाइल आल्यावर दर रविवारी सकाळी, नेमकी आमची पोह्यांची वेळ साधून. बाबा फोन ताटाशेजारी ठेवायचे आणि खातखात "हाव, हाव" म्हणत राहायचे. आमच्याकडच्या 'हाव'चा अर्थ बऱ्याचदा 'ऐकू येतंय' एवढाच असतो. आत्या मात्र तो होकार धरायची. त्यामुळे दर रविवारी तिला वाटायचं की दादा तयार झाला, आणि पुढच्या रविवारी तिला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. पत्रांपासून धरलं तर असं पन्नासेक वर्षं चाललं.

आम्ही ज्यू. कोकणातले, मराठी बोलणारे. आजोबा अलिबागकडचे. पुलाच्या कामावर मिस्त्री म्हणून ते निजामाच्या राज्यात आले आणि मुखेडला राहिले. बाबा तिथंच जन्मले, तिथंच शाळेत गेले. पुढं लातूरच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवायला लागले, निवृत्त झाले, घर बांधलं. आई पनवेलची. माझा जन्म लातूरचा. मी इथल्याच एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते आणि लग्नही इथल्याच, दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी केलं. नवरा नांदेडला नोकरीला आहे, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो, म्हणून मी लग्नानंतरही आईबाबांकडेच राहिले.

अख्ख्या लातुरात ज्यूंचं घर आमचं एकच. त्यामुळे आम्ही कोण, हे सांगण्यात आमचा बराच वेळ जायचा. माझ्या शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात बाबांनी 'ज्यू' लिहिलं, तर कारकुनानं तो फॉर्म परत केला. तो म्हणाला, "सर, ज्युनियर कळलं. पण ज्युनियर काय, ते पूर्ण लिहा." दुसऱ्या एका कार्यालयानं आम्हाला सरळ जैन करून टाकलं. आमच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी तिरकी डबी आहे, तिच्यात आमच्या धर्माचा मजकूर लिहिलेली गुंडाळी असते. घरात शिरताना तिला हात लावून तो ओठांना लावायचा, अशी रीत. कुरिअरवाले तिला बेल समजून दाबत राहायचे. शेवटी बाबांनी तिच्याखाली पाटी लावली, 'बेल उजवीकडे आहे.'

बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर, एका हिवाळ्यात, आत्यानं फोनवर काही खरं नाही हे ओळखलं आणि ती स्वतःच आली. वय सत्तर. मुंबईच्या रेल्वेनं सकाळी लातूर स्टेशनात उतरली. दोन बॅगा होत्या. एकीत आमच्यासाठी खजूर, साबण आणि आईला स्वेटर. दुसरी बॅग नुसती कागदांनी आणि फोटोंनी भरलेली. रिक्षातच तिनं बाबांना सांगितलं, "दादा, तीन आठवडे राहणार आहे. तुझी सही घेतल्याशिवाय जाणार नाही."

बाबा म्हणाले, "हाव."

तिनं लगेच माझ्याकडे बघून मान डोलावली. मी तिला 'हाव'चा अर्थ सांगायला हवा होता. पण सकाळची वेळ होती आणि ती फार खुशीत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिचं काम सुरू झालं. जेवण झालं की ती सोफ्यावर फोटो मांडायची. हे माझं घर, ही माझी नातवंडं, हा समुद्र, ही भाजीमंडई, इथे कोथिंबीर मिळते. बाबा एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि विचारायचे ते भलतंच. "ह्या खांबावरची तार उघडी कशी सोडली?" "हा बोर्ड कुणी बसवला? तिरका हाय." एका फोटोत तिच्या घरातली जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली होती. तिथं प्रत्येक नव्या घरात अशी एक खोली लागते, हल्ल्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी आत जायचं, असं तिनं सांगितलं. फोटोत त्या खोलीत आठ-दहा बरण्या दिसत होत्या.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"लोणची. ती खोली थंड असते."

"म्हंजे भोंगा वाजला की तुम्ही लोणच्यापाशी जाऊन बसता."

"दादा, चेष्टा करू नकोस."

पण ती स्वतःही हसली. आत्याला राग यायचा, पण टिकायचा नाही. तीस वर्षं तिनं एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं. मराठी तिची अजून शाबूत होती, फक्त पन्नास वर्षांपूर्वीची होती. ती टीव्हीला 'टेलिव्हिजन संच' म्हणायची.

तिची खरी पंचाईत केली आमच्या शेजारच्या आप्पांनी. आप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान, आणि औशाच्या पुढं पंधरा एकर रान. इस्राएल म्हटलं की आमच्या भागात एकच गोष्ट डोक्यात येते, ठिबक सिंचन. शेतीच्या प्रदर्शनात, शेतीच्या पुस्तिकांत, भाषणांत, सगळीकडे इस्राएल म्हणजे थेंबावर पीक. आत्या आलीय कळल्यावर आप्पा त्याच संध्याकाळी आले, चप्पल काढली आणि थेट विषयाला हात घातला.

"ताई, तुमच्याकडं डाळिंबाला दिवसाला किती लिटर सोडतेत?"

आत्यानं जन्मात शेत केलेलं नव्हतं. पण आपल्या देशाबद्दल कुणी एवढ्या आदरानं विचारतोय म्हटल्यावर तिला 'माहीत नाही' म्हणवेना. ती म्हणाली, "झाडाच्या तब्येतीवर असतं."

आप्पा विचारात पडले. "बरोबर हाय," ते म्हणाले. "आपल्याकडं हेच चुकायलंय. झाडाची तब्येत कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी ते औशाकडच्या दोन शेतकऱ्यांना घेऊन आले. तिसऱ्या दिवशी चौघं आले. आत्या त्यांना चहा देऊन शांतपणे उत्तरं द्यायची, आणि सगळी उत्तरं अशीच असायची, की ती चुकणं शक्य नव्हतं. जमीन बघून ठरवावं. घाई करू नये. पाणी वाया घालवू नये. तिकडे आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांना पण नळ्या आहेत. लोक वहीत लिहून घ्यायचे. बाबा कोपऱ्यात पेपर तोंडासमोर धरून बसायचे आणि पेपर हलायचा.

दुसऱ्या आठवड्यात आत्यानं ठरवलं की आपल्याच्यानं होत नाही, जाणकार माणूस बोलवावा. जगभरातल्या ज्यूंना इस्राएलला येऊन राहण्याबद्दल माहिती देणाऱ्या एका संस्थेचा माणूस मुंबईत होता. तो आमच्यासारखाच मराठी ज्यू, तिशीतला. एकाच कुटुंबासाठी लातूरपर्यंत यायला तो तयार झाला, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आमचं घर लहान, म्हणून आप्पा म्हणाले, "सर, समोरच्या मंगल कार्यालयाचा लहान हॉल मी सांगून ठेवतो. मालक आपलेच हायेत." बाबा म्हणाले, "हाव." ह्या वेळी आप्पांनाही तो होकार वाटला.

तो माणूस आला त्या सकाळी मी त्याला घेऊन हॉलवर गेले आणि दारातच थांबले. आत पन्नासेक माणसं बसलेली. पांढऱ्या टोप्या, फेटे, मांडीवर पिशव्या. काहींनी पिशवीत माती आणली होती, एकानं डाळिंबाचा रोगट पाला. व्यासपीठावर टेबल, टेबलावर फुलदाणी, मागं फळा आणि फळ्यावर खडूनं 'इस्राएलच्या साहेबांचे हार्दिक स्वागत'. पहिल्या रांगेत आई, बाबा आणि आत्या बसलेले, लग्नघरचे यजमान बसतात तसे.

त्या मुलानं माझ्याकडे हळू आवाजात विचारलं, "हे सगळे आपले?"

"शेजारच्या आप्पांचे," मी म्हणाले.

तो घाबरला असेल, पण तसं त्यानं दाखवलं नाही. शाल घेतली, नारळ घेतला आणि बोलायला उभा राहिला. आपण शेतीचे तज्ज्ञ नाही, हे त्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं. आपण कशासाठी आलोय तेही सांगितलं. ज्यू लोक दोन हजार वर्षं जगभर पांगले, आता त्यांना पूर्वजांच्या भूमीत परत येऊन राहायचं असेल तर तिथला कायदा त्यांना येऊ देतो. आल्यावर पहिले काही महिने मदत मिळते, भाषा शिकवतात, दवाखान्याची सोय होते. माणसं शांतपणे ऐकत होती. आपल्याकडे भाषण शेतीवरचं नाही म्हणून कुणी उठून जात नाही. शाल देऊन झालेली असते.

मग प्रश्न सुरू झाले.

"तिथं गेलं की रान देतेत का?" एकानं विचारलं.

"नाही, रान नाही देत."

"पाणी?"

"पाणी नळाला असतं. चोवीस तास."

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. दहा-दहा दिवसांनी नळ येतो आणि त्या दिवशी लोक कामावर रजा टाकतात. मागून एक जण म्हणाला, "मग रान कशाला पाहिजे?"

एक म्हातारे शेतकरी उठून उभे राहिले. "साहेब, ह्याला लागतं काय? कागद कोणते?"

"काका, आजी किंवा आजोबा, कुणीतरी एक ज्यू असावं लागतं."

म्हाताऱ्यांनी बराच वेळ विचार केला. "माझी आजी शनवार धरायची," ते म्हणाले. "दिवसभर अन्न न्हाई, कामाला हात न्हाई. जमंल का?"

शनिवारी कामाला हात लावायचा नाही ही आमचीही रीत, शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की सुरू होणारी. तो मुलगा हसला नाही, ह्यासाठी मी त्याला मानते. तो म्हणाला, "काका, तेवढ्यावर नाही जमायचं."

"बरं," म्हातारे खाली बसत म्हणाले. "इचारून बघितलं."

शेवटी आप्पांनी आभार मानले. त्यात त्यांनी माझ्या आईवडिलांकडे हात करून सांगितलं, की सरांना तिकडून बोलावणं आलंय ही आपल्या गल्लीला अभिमानाची गोष्ट आहे, पण सर जाणार नाहीत, कारण गल्लीतल्या सगळ्यांच्या घरातली वायरिंग सरांनाच माहीत आहे. टाळ्या पडल्या. बाबांनी उठून हात जोडले. आत्याचा चेहरा उतरला.

दुपारी जेवायला तो मुलगा आमच्याकडे होता. आईनं कढी, भात आणि बटाट्याची भाजी केली होती. आत्यानं पुन्हा विषय काढला. मुलानं बाबांना सरळ विचारलं, "काका, तुमची अडचण काय आहे? जी असेल ती सांगा. मी काही आग्रह करणार नाही."

बाबांनी भात कालवता कालवता सांगितलं. "इथं मला सगळे सर म्हणतेत. भाजीवाला बी सर म्हणतो. तिथं गेलो तर कोण? बाकावर बसलेला एक म्हातारा. ह्या वयात मला पुन्हा नवखं व्हायचं न्हाई."

मलाही ते पटलं. मग तो मुलगा माझ्याकडे वळला. मी सांगितलं की मी मराठी शिकवते, तिकडे जाऊन कुणाला शिकवू? आणि नवऱ्याला तर आधीच फोनवर विचारून झालं होतं. तो म्हणाला होता, "मला नांदेडहून लातूरला बदली मिळेना दहा वर्षं, आणि अख्खा देश मला आपणहून घ्यायला तयार आहे? काहीतरी चुकत असेल, नीट विचार."

"मग झालं," बाबा म्हणाले. "कुणी जात न्हाई."

"मी जाते," आई म्हणाली.

ती ताक वाढत होती. तिनं भांडं खाली ठेवलं नाही. आम्हाला आधी वाटलं ती आत जाते म्हणतेय.

"कुठं?" बाबांनी विचारलं.

"इस्राएलला. सगळ्यांना विचारून झालं, मला कुणी विचारलंच नाही. म्हणून सांगते."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. आत्या पन्नास वर्षं बाबांना पटवत होती. मी बाबांची बाजू घेत होते. आई चहा करत होती. आता ती टेबलाशी बसली आणि बोलली, आणि तिला एवढं सलग बोलताना मी क्वचितच ऐकलंय.

"पनवेलला असताना शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतल्या दहा घरांत दिवा लागायचा. इथं पंचेचाळीस वर्षं मी एकटीच लावते. त्याचं मला दुःख नाही. शेजारणी चांगल्या आहेत. पण प्रत्येक नव्या माणसाला मला पाच मिनिटं सांगावं लागतं आपण कोण. ज्यू म्हणजे काय, जैन नाही, ख्रिश्चन नाही, मुसलमान नाही, मग काय. सांगून सांगून दमले. मला थोडे दिवस कुणाला काही न सांगता राहायचंय. एवढंच."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "तू कधी बोलली न्हाईस," ते म्हणाले.

"तुम्ही 'हाव' म्हणाला असता," आई म्हणाली.

आत्या रडायला लागली. तो मुलगा ताटाकडे बघत होता. मला तेव्हा हसावं की रडावं कळेना, आणि थोडी लाजही वाटली. मी इतकी वर्षं त्या घरात होते.

दोन महिन्यांनी आई गेली. आधी आत्याकडे पाहुणी म्हणून, तीन महिन्यांसाठी. तिनं आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता. बाबा रुसले होते, पण तिच्या बॅगेची चेन त्यांनी स्वतः दुरुस्त करून दिली आणि बॅगेवर पत्ता इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिला, की ती बॅग दुकानाच्या पाटीसारखी दिसायला लागली.

बाबांना चहासुद्धा करता येत नव्हता. विजेच्या शेगडीचं आतलं सगळं त्यांना पाठ होतं, पण तिच्यावर काय ठेवायचं हे ठाऊक नव्हतं. मी सकाळी कॉलेजात असायची. पहिल्या आठवड्यात त्यांनी दूध तीनदा उतू घालवलं. मग आप्पांच्या घरून निरोप आला की सरांचं दुपारचं जेवण आमच्याकडं. आप्पांकडे मांस-मच्छी नसल्यानं आमच्या खाण्याच्या नियमांची अडचण नव्हती. रोज बारा वाजता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी जेवायला जायचे.

आई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. पहिल्या शुक्रवारी तिनं फोन गॅलरीतून फिरवून समोरच्या इमारती दाखवल्या. खिडक्या खिडक्यांत दिवे होते, खाली रस्त्यावर एक गाडी नव्हती. बाबांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "दुकानं बी बंद?"

"सगळी."

"दूध कुठून आणता मग?"

"आदल्या दिवशी," आई म्हणाली.

महिन्याभरानं मी तिला विचारलं, "झालं का मनासारखं? आता कुणाला सांगावं लागत नाही ना?" ती म्हणाली, "अगं, इथे सगळे विचारतात कुठून आलात. मुंबई म्हटलं की गप्प बसतात. पण खोटं कसं सांगू? लातूर म्हणते. मग लातूर कुठं, ते सांगायला पाच मिनिटं." पण हे सांगताना ती हसत होती. आत्याच्या गावात मराठी बोलणाऱ्या बायकांचा मोठा गट होता. दर मंगळवारी त्या जमायच्या, आणि आईच्या कढीची तिथं ख्याती झाली होती.

तीन महिने संपत आले तेव्हा तिनं सांगितलं की तिला राहायचंय. कायमचं. कागद करायला दिलेत. "तुम्ही यावं असं मला वाटतं," ती बाबांना म्हणाली. "पण ओढून नेणार नाही."

तीन दिवस बाबा नेहमीसारखे बारा वाजता आप्पांकडे जेवायला गेले. चौथ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर त्यांनी लोखंडी पेटी उघडून सगळे कागद जमिनीवर पसरले होते. "माझ्या बापाचा धर्म दाखवणारा एक जुना कागद लागंल म्हणतेत," ते म्हणाले. "ह्याच्यात कुठंच न्हाई. शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'ज्यु' हाय, फुडं टिंब."

"म्हणजे तुम्ही जाताय?"

"कागद तर बघू," ते म्हणाले.

आम्ही मुखेडला बाबांच्या जुन्या शाळेत गेलो, बाबा, मी आणि न विचारता बरोबर आलेले आप्पा. एसटीनं, अहमदपूरला गाडी बदलून. बाजाराचा दिवस होता, गाडीत कोंबड्या आणि मिरचीची पोती. शाळेतल्या कारकुनानं फार आढेवेढे न घेता कपाटातून प्रवेशाचं जुनं रजिस्टर काढलं, वरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "हे निजामाच्या काळापासूनचं हाय, उर्दूत. आम्हाला कुणालाच वाचता येत न्हाई, पण जपलंय. बाजाराच्या मागं एक निवृत्त उर्दूचे मास्तर राहतेत, त्यांना बोलावतो."

मास्तर सायकलवरून आले. बाबांच्याच वयाचे, पांढरी दाढी, जाड चष्मा. खुर्चीवर बसून त्यांनी बोट उजवीकडून डावीकडे सरकवत ओळी वाचायला सुरुवात केली. बाबांच्या नावाशी आले. वडिलांचं नाव वाचलं. धंदा, मिस्त्री. मग थांबून चष्मा पुसला.

"मजहब, यहूदी," ते म्हणाले. "साफ लिखेला है, सर. इसमें कुछ शक नहीं."

पन्नास वर्षांत एकाही कार्यालयाला आमचा धर्म नीट लिहिता आला नव्हता, आणि मुखेडच्या कुठल्याशा मास्तरानं तो सत्तर वर्षांपूर्वी एका शब्दात बरोबर लिहून ठेवला होता. पण म्हाताऱ्या मास्तरांचं बोट पुढं सरकलं. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरांत काहीतरी होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मराठीत सांगितलं, "शेरा लिहिलाय. शनिवारची गैरहजेरी माफ."

बाबा खुर्चीत मागं टेकले. "मला शनवारी सुट्टी असायची," ते हळूच म्हणाले. "मी विसरून गेलतो. बाप मला घरी ठेवायचा. सगळी पोरं शाळेला जायची अन् मी दारात बसायचो." नोकरी लागल्यावर त्यांनी लातूरला शनिवार कधीच पाळला नव्हता. वर्कशॉप शनिवारी चालू असायचं आणि सुट्टी मागणं त्यांना बरं दिसलं नाही.

मास्तरांनी उताऱ्याचं भाषांतर लिहून दिलं, शाळेनं शिक्का मारला. पैसे विचारले तर मास्तरांनी हात हलवला आणि म्हणाले, "वहाँ पहुँचे तो दुआ में याद रखना." परतीच्या गाडीत बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. आप्पांनी पहिल्यांदाच ठिबकचा विषय काढला नाही. अहमदपूर आल्यावर बाबा म्हणाले, "जाऊन बघतो. न्हाई जमलं तर परत येतो."

"या की सर," आप्पा म्हणाले. "ताट हायच."

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. परत आले नाहीत. निघण्यापूर्वीचा आठवडा त्यांनी गल्लीतल्या घराघरांत जाऊन फ्यूज बॉक्सच्या झाकणांवर आतून खडूनं कुठली तार कुठं जाते ते लिहून ठेवण्यात घालवला.

मी मात्र इथंच आहे. मला एकटं वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. शुक्रवारी आता मी दिवा लावते, कधी आठवण राहते, कधी कॉलेजातून यायला उशीर होतो. तिकडे लढाई सुरू झाली तेव्हा बातम्या बघून मी दिवसातून चारदा फोन करायची. परत या म्हणून रडलेसुद्धा. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भूकंप झाला तेव्हा पनवेलहून असाच फोन आला होता, लातूर सोडून या म्हणून. तेव्हा मी नाही आले. आता इथून नाही येत." अजूनही भोंगा वाजल्याची बातमी आली की मी वर्गातून बाहेर येऊन फोन लावते, आणि मुलं समजून घेतात.

बाबांना तिथली भाषा अजून नीट येत नाही. दोघंही ज्येष्ठांच्या वर्गाला जातात. शिकवायला एक तरुण मुलगी आहे, रशियाकडून आलेली, फार कडक. आई शेजारणींशी बोलून बोलून बरंच शिकली. बाबांचं घोडं अक्षरांवरच अडलंय, कारण उजवीकडून लिहिताना हातानं शाई पुसते अशी त्यांची तक्रार आहे. मागच्या महिन्यात आईनं फोनवर सांगितलं की बाईंनी आता त्या दोघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलंय. चाचणीत बाबा तिच्या वहीत बघून लिहीत होते. मी विचारलं, आयटीआयमध्ये कॉपी करणाऱ्या किती पोरांना त्यांनी वर्गाबाहेर काढलं होतं, ते तू बाईंना सांगितलंस का?

"सांगणार होते," आई म्हणाली. "पण तेवढे शब्द मला अजून येत नाहीत."